ज्ञानेश्वरी आपल्या आत वाचायची म्हणजे काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण बरीच वर्षं दर रविवारी सकाळी सात वाजता देवळाच्या सभामंडपात बसून ज्ञानेश्वरी वाचतो. कोणी शेती करतं, कोणाचं दुकान आहे, दोन रिटायर्ड शिक्षिका आहेत, पंडित मात्र कोणीच नाही. नवीन माणूस आला की फिरून तेच प्रश्न येतात, ग्रुपवर पण तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ही आमच्या वाचनातून आलेली आहेत, शेवटचा शब्द म्हणून घेऊ नका.

रूपकाने वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

ग्रंथात एखादी गोष्ट आली, रथ म्हणा, रणांगण म्हणा, झाड किंवा पक्षी, की तिथं थांबून विचारायचं की हे माझ्यात कुठे आहे. एवढंच. कठोपनिषदात तर हे सरळ सांगूनच टाकलंय, शरीर हा रथ, आत्मा आत बसलेला मालक, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रियं घोडे. आता हे वाचून "वा, छान उपमा आहे" म्हणून पुढं जाता येतं किंवा आज सकाळी फोन हातात घेतला तेव्हा लगाम कोणाच्या हातात होता हे बघता येतं. दुसरं केलं की ते वाचन आत उतरायला लागतं. आम्ही दुसरं करायचा प्रयत्न करतो, रोज जमतंच असं नाही.

पण हे आपल्या मनाचं घुसडणं झालं ना? माउलींनी असं वाचायला सांगितलंय का?

सांगितलंय, आणि अगदी सुरुवातीलाच सांगितलंय, म्हणून तर हा प्रश्न आला की मला बरं वाटतं. पहिल्या अध्यायात गीतेचा पहिला श्लोक यायच्या आधी छप्पन्न ते एकोणसाठ या चार ओव्या आहेत, त्या पाठ कराव्यात अशा आहेत. शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं जशी हलक्या मनाने वेचतात तशी ही कथा चित्ताला "अति हळुवारपण" आणून अनुभवायची. मग ही ओवी येते:

"हें शब्देंविण संवादिजे । इंद्रियां नेणतां भोगिजे । बोलाआधि झोंबिजे । प्रमेयासी ॥"

बोलाआधी झोंबायचं, म्हणजे शब्द पूर्ण व्हायच्या आत त्याच्या अर्थाला जाऊन भिडायचं. आणि लगेच पुढं भुंग्याचा दाखला येतो, भुंगे पराग घेऊन जातात पण कमळाच्या पाकळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, तसा हा ग्रंथ सेवन करायचा.

त्याच्याही आधी गणपतीचं वंदन येतं, तिथं त्यांनी स्वतःच करून दाखवलंय. सगळं वाङ्मय ही गणपतीची मूर्ती, ॐमधला अकार दोन पाय, उकार विशाल पोट, मकार मस्तक. सहा दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे सहा हात, तर्क हा परशू, वेदांत हा मोदक. ज्याने ग्रंथाची सुरुवातच अशी केली त्याला असं वाचलेलं चालणार नाही असं मला तरी वाटत नाही.

आणि पहिली ओवी आपण इतक्यांदा म्हणतो की तिच्याकडे लक्षच जात नाही. "जय जय स्वसंवेद्या आत्मरूपा". स्वसंवेद्य म्हणजे जे आपलं आपल्यालाच कळतं, दुसऱ्याने सांगून कळत नाही ते. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशात उभ्या राहिलेल्या या जवळपास नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथाच्या तोंडालाच तो शब्द आहे. मी नेवाशाला गेलो होतो तेव्हा ज्याला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात त्या पैस खांबाजवळ बसून हा एकच शब्द मनात घोळवत होतो, बाकी काही सुचलंच नाही.

म्हणजे कुरुक्षेत्रावरचं युद्ध झालंच नाही असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही, असं आम्ही म्हणत नाही. भुंग्याने पराग नेला म्हणून कमळ खोटं पडतं का? कथा कथेच्या जागी राहू द्या, तिला धक्का लावायची गरजच नाही.

हा वाद जुना आहे. यास्काचं निरुक्त घ्या, वेदातल्या शब्दांचे अर्थ सांगणारा जुना ग्रंथ, तिथं प्रश्न आलाय की इंद्राने मारलेला वृत्र कोण. निरुक्तवाले म्हणतात ढग, इतिहासवाले म्हणतात त्वष्ट्याचा असुर मुलगा, आणि यास्क दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवतो. आपल्याकडचं गेल्या शतकातलं बघा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतेवर लिहिलं, ते १९१५ मध्ये छापून आलं, त्यांना गीतेत कर्मयोग दिसला, उठून कर्तव्य करायला लावणारा. गांधीजी म्हणायचे की १८८८-८९ मध्ये गीता पहिल्यांदा हाती आली तेव्हापासूनच त्यांना ते युद्ध माणसाच्या हृदयात कायम चालणारं वाटलं. विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. तिघंही तुरुंग पाहिलेले, तिघांचं वाचन वेगळं, आणि तिघांनीही आपापलं वाचन जगून दाखवलं. त्यामुळे अमुक एकच वाचन खरं असं मी म्हणणार नाही. पण रोज सकाळी घरात बसून जे वाचतात त्यांच्यासमोर रणांगण नसतं, मन असतं, म्हणून आम्ही मनापासून सुरू करतो.

कौरव म्हणजे नक्की कोण धरायचे? काम-क्रोध की आणखी काही?

इथं मी माझंच सांगतो कारण हे मला चुकूनच कळलं.

गावाकडं आमचा बांधाचा वाद होता. चुलत भावाने दोन-तीन पावसाळ्यांत बांध कोरत कोरत आमच्या बाजूला आणला असं आमचं म्हणणं होतं, मोजणी झाली, बोलणं बंद झालं, लग्नकार्यात तोंड फिरवणं सुरू झालं. त्या दिवसांत मी पहिला अध्याय वाचत होतो आणि मला कौरव कोण हे अगदी लख्ख कळत होतं, चुलत्याची पोरं, अजून कोण. मी तर मनातल्या मनात पांडवच होतो. असं वाचताना खूप बळ येतं आणि आपण अध्यात्मच करतोय असंही वाटतं.

मग एका रविवारी आमच्यातल्या बाईंनी धृतराष्ट्राच्या प्रश्नाची ओवी सावकाश वाचली, तो पुत्रस्नेहाने मोहित होऊन संजयाला विचारतोय की त्या धर्मालयात "पांडव आणि माझे" युद्धाच्या निमित्ताने गेलेत तिथं काय चाललंय. "पांडव आणि माझे". मूळ श्लोकातही मामकाः हाच शब्द आहे. बाई एवढंच म्हणाल्या की याचं आंधळेपण डोळ्यांत नाहीये, या दोन शब्दांत आहे. मी दहा वर्षं ती ओवी वाचत होतो पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मी पांडव नव्हतो, खाटेवर बसून "माझे" आणि "ते" असे दोन ढीग करणारा तो म्हातारा मी होतो.

बांध काही लगेच सरळ झाला नाही. पण त्या दिवाळीला मी त्याच्या घरी फराळाचा डबा घेऊन गेलो आणि त्याने आत बोलावलं.

तेव्हापासून आमच्यात एक नियम झालाय. रूपकातली वाईट बाजू बाहेरच्या माणसाला लावायची नाही. सासू म्हणजे कैकयी, साहेब म्हणजे दुर्योधन असं सुरू झालं की थांबायचं. आधी स्वतःला लावून बघायचं, आणि अंगाला बसलं नाही तर तसं सांगायचं.

तेराव्या अध्यायात क्षेत्र म्हणजे शरीर असं आहे, ते नीट समजावून सांगा ना.

हा माझा सगळ्यात आवडता भाग, जरा लांबेल.

गीतेत श्रीकृष्ण म्हणतात हे शरीर म्हणजे क्षेत्र. संस्कृतात क्षेत्र म्हणजे शेत, आपल्या सातबाऱ्यावरही आजपर्यंत तोच शब्द आहे. माउलींनी हा शब्द धरून अख्खं शेतच उभं केलंय. आधी प्रश्न काढला की हे शेत कोणाचं? मग एकेक दावेदार पुढं येतो. एक म्हणतो हे मुळातच जीवाचं, प्राण हा त्याचं कूळ, त्या प्राणाच्या घरी चार भाऊ, म्हणजे बाकीचे चार प्राणवायू, अंग मोडून राबतात आणि मन हा शेतीची देखरेख करणारा. त्याच्याकडे इंद्रियांच्या बैलांची जोडी आहे, आणि तो अवस बघत नाही की पहाट बघत नाही, विषयांच्या शेतात बैलांना जुंपूनच असतो. पुढं दुसरे येतात, प्रकृतीचं म्हणणारे, संकल्पाचं म्हणणारे, स्वभाववाले, काळवाले, प्रत्येक जण आपला दावा सांगतो. कोर्टात तारीख असल्यासारखं सगळं चालतं.

यातली अवस शहरातल्या वाचकाला पटकन लागत नाही. आमच्याकडे अमावस्येला बैल जुंपत नाहीत, त्यांची सुट्टी. मन इंद्रियांना ती एक सुट्टीही देत नाही हे त्यात आहे. रात्री साडेअकराला डोळे चुरचुरत असतात तरी अंगठा स्क्रीन वर सरकवत राहतो, ते डोळे म्हणजे तो बैल, अजून काय वेगळं सांगायचं.

पुढची ओवी म्हणते की हे मन "विधीची वाफ चुकवी" आणि अन्यायाचं बीज पेरतं. वाफ म्हणजे वाफसा. आमच्यातले एक शेतकरी काका हे सांगायला उठून बाहेर गेले, कुंडीतली माती मुठीत घेऊन आले, मूठ दाबली, गोळा झाला, बोटाने टोकला तर भुसभुशीत फुटला. हा वाफसा, म्हणाले. जास्त ओल असली तर गोळा फुटत नाही, चिखल होतो, कमी असली तर गोळाच होत नाही. पेरायचा वेळ म्हणजे एवढाच, दोन दिवस पुढंमागं झालं की बी वाया. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, माफी मागायचापण वाफसा असतो, तो मी एकदा चुकवलाय. पुढं त्यांनी सांगितलं नाही, आम्ही पण विचारलं नाही.

आणि पिकाचंही माउली सांगतात, अन्यायाचं बी पडलं तर तसंच अफाट पाप पिकतं, आणि विधीच्या वाफशावर सत्क्रियेचं बी पडलं तर शेकडो जन्म सुखाचीच मापं मोजायची. खळ्यावर धान्य मापताना ज्याने पाहिलंय त्याला या ओवीचा अर्थ विचारावा लागत नाही.

दावेदार सगळे बोलून झाले तरी शेत कोणाचं हा प्रश्न सुटत नाही, तिथून पुढं क्षेत्र जाणणारा, क्षेत्रज्ञ, याच्याकडे लक्ष वळतं. शेताच्या मालकीवर भांडणाऱ्यांपेक्षा शेत ओळखणारा वेगळा. मला वाटतं आत बघणं जे म्हणतात ते इथून सुरू होतं, राग आलाय हे ज्याला कळतंय तो कोण, एवढंच बघायचं.

कुठे रूपक घ्यायचं आणि कुठे सरळ अर्थ घ्यायचा हे कसं ओळखायचं?

याला आपल्या शास्त्रात चांगली जुनी रीत आहे. शब्दाचा सरळ अर्थ म्हणजे अभिधा, तो अडला तर लक्षणा, आणि त्याही पलीकडे सुचतं ती व्यंजना. नेहमीचं उदाहरण आहे "गंगेवर गवळीवाडा आहे". प्रवाहावर वाडा कसा असेल, म्हणजे सरळ अर्थ अडला, मग गंगेला लागून असलेला काठ असा अर्थ घेतला, आणि काठ न म्हणता गंगा का म्हटलं तर तिथला गारवा, पवित्रपणा सुचवायचा होता. तीन गोष्टी झाल्या, सरळ अर्थ अडायला हवा, नवा अर्थ त्याला लागून असायला हवा, आणि तसं बोलण्यामागे काही कारण किंवा रूढी हवी.

एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी गडबड टळते. "दान कर", "खोटं बोलू नकोस" यात काहीच अडत नाही, तिथं रूपक शोधायला जाऊ नये. दानाचं रूपक काढून पाकीट खिशातच ठेवणं फार सोपं असतं.

व्हॉट्सअॅपवर येतं की सूर्याचे सात घोडे म्हणजे सात रंग, रावणाची दहा डोकी म्हणजे अमुक, ते पण हेच का?

तसे मेसेज मला पण येतात, पाठवणाऱ्याचा भाव चांगला असतो. पण ते कोडं सोडवल्यासारखं आहे, उत्तर मिळालं की संपलं, फॉरवर्ड केलं की विसरलं. आपण बोलतोय ते वाचन उत्तर मिळाल्यावर सुरू होतं. दशरथ म्हणजे दहा इंद्रियांचा रथ असं कीर्तनात आपण लहानपणापासून ऐकलंय, पण ते ऐकून माझा रथ आज कोणाच्या वचनात अडकलाय हे बघितलं तर त्याचा उपयोग. नाहीतर ती नुसती माहिती.

सहाव्या अध्यायातली कुंडलिनी वाचून तसं घरी करून बघितलं तर चालेल का?

नका करू, मी हे अगदी मनापासून सांगतोय.

ते वर्णन वाचताना अंगावर काटा येतो हे खरं आहे, कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून झोपलंय ही ओवी एकदा वाचली की विसरणं शक्य नाही. पण त्याच भागात माउली "पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु" म्हणतात, म्हणजे ही नाथपंथातली संकेताची भाषा आहे, गुरूने शिष्याला जवळ बसवून सांगायची. आणि बाराव्या अध्यायात गीताच म्हणते की अव्यक्ताच्या, म्हणजे निराकाराच्या, मागे लागणाऱ्यांना क्लेश जास्त. आम्ही तो भाग वाचतो, ऐकतो, नमस्कार करतो. श्वास कोंडून प्रयोग करत नाही. कोणाला ध्यानाला बसून झोप उडणं, सतत भीती वाटणं, छातीत धडधड असं काही होत असेल तर काहीतरी जागं होतंय असं समजून बसू नका, बसणं थांबवा आणि डॉक्टरांना भेटा.

मुक्ताईचं "मुंगी उडाली आकाशीं" याचा अर्थ काय लावायचा?

मुंगी म्हणजे जीव, सूर्य गिळला म्हणजे अहंकार गेला किंवा ज्ञानच आपलंसं झालं, असे अर्थ सांगतात, कोणी वेगळे सांगतात, सगळे ऐकावेत. पण मला वाटतं हा अभंग उलगडून ठेवायचा नाहीये. वांझेला पोर झालं, माशी व्याली आणि घार झाली, आणि शेवटी काय, "देखोनी मुक्ताई हांसली". ती हसली. आमच्यातल्या दुसऱ्या शिक्षिका म्हणतात की डोकं जिथं थकतं तिथपर्यंत नेऊन सोडायलाच हा लिहिलाय. अर्थ न लावता पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून बघा आणि मग गप्प बसा जरा वेळ.

ग्रंथात जात, वर्ण, बायका यांच्याबद्दल आजच्या काळात न पटणाऱ्या जागा येतात, त्यांचंही रूपक करून टाकायचं का?

नाही. जे टोचतं ते टोचतंय असं म्हणायचं. टोचलेल्या जागी रूपकाचं पांघरूण घातलं की आपण ज्यांना ते शेकडो वर्षं सोसावं लागलं त्यांच्याशी खोटं बोलतो. आमच्या बैठकीत यावर आवाज चढलेत आणि चढायला हवेत असंच मला वाटतं.

त्याच वेळी माउलींनी स्वतः काय केलं तेही बघा. ज्यांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं होतं अशा मुलाने गीता मराठीत आणली, ज्यांना ती ऐकायचीसुद्धा सोय नव्हती त्यांच्यापर्यंत. आणि नवव्या अध्यायात जिथं मूळ श्लोकात स्त्रिया, वैश्य, शूद्र असे शब्द येतात तिथं त्यांची ओवी आहे, "म्हणौनि कुळ जाति वर्ण । हें आघवेंचि गा अकारण". अकारण. हा शब्द मला आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही अर्थांनी हवा आहे.

जुनी मराठी कळत नाही, संस्कृत तर नाहीच, मग?

सार्थ ज्ञानेश्वरी घ्या, कुठलीही, ओवीखाली अर्थ असलेली. पण अर्थ नंतर वाचा, आधी ओवी दोनदा मोठ्याने म्हणा. बरेच शब्द आजी बोलायची तेच निघतात. परदेशात असलेल्या आमच्या दोघा-तिघांची मुलं देवनागरी वाचत नाहीत, ती नुसतं ऐकतात आणि कधी कधी त्यांचेच प्रश्न सगळ्यात चांगले असतात. एका मुलीने विचारलं होतं की भुंग्याला तरी कळतं का तो पराग नेतोय ते. आम्हाला अजून उत्तर देता आलेलं नाही.

पारायण करू की अर्थ लावत बसू?

दोन्ही करा. सप्ताहात सात दिवसांत सगळा ग्रंथ कानावरून जातो, मांडवात शेकडो माणसं एका सुरात म्हणत असतात, ती लय अंगात भिनते, तेही वायाला जात नाही. तुकोबांनी मात्र स्पष्ट सांगितलंय, "अर्थेविण पाठांतर कासया करावें". आणि त्यांची पुढची सूचना मला जास्त मोलाची वाटते, "अर्थरूप राहे होऊनियां". अर्थ काढ असं म्हणत नाहीत, अर्थरूप होऊन राहा म्हणतात. "वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा" म्हणणाऱ्याच अभंगात पुढं येतं की खाल्ल्याची गोडी नुसतं बघणाऱ्याला नाही. गूळ बघून तोंड गोड होत नाही हे लहान पोरालाही कळतं.

खरंच काही फरक पडतो का? रागीट माणसाचा राग जातो का?

जात नाही, निदान माझा तरी गेलेला नाही. पण एकनाथांचं विंचवाचं भारुड आठवा. काम-क्रोध विंचू चावला, घाम फुटला, मग उतारा सांगितलाय, तमोगुण मागं सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. आणि शेवटाकडे येतं, "किंचित राहिली फुणफुण". ही एक ओळ मला किती धीर देते सांगता येत नाही. नाथांसारखा माणूस, ज्यांच्या शांतीच्या गोष्टी आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो, ते म्हणतात थोडी फुणफुण राहिली, ती त्यांच्या गुरूंनी, जनार्दनांनी शांत केली. ज्याला विंचू चावलाय तो जाणतो, विष उतरल्यावरही त्या जागी बराच वेळ ठसठसत राहतं. राग उतरल्यावर ती ठसठस ओळखू यायला लागली, आता बोलू नये, आता फोन करू नये एवढं कळायला लागलं, हा माझ्यातला फरक. बायकोला विचारलं तर ती म्हणते थोडा आहे.

फक्त हिंदू ग्रंथच असे वाचतात का?

नाही हो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलो हा ज्यू विद्वान तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या कथा आतल्या प्रवासाच्या म्हणून वाचायचा. सूफींमध्ये तर हे भरपूर आहे. आणि आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीगोंद्याचे शेख महंमद, मुसलमान घरातले, १७व्या शतकातले मराठी संत, त्यांच्या ग्रंथाचं नावच योगसंग्राम, आतल्या लढाईवरचा. श्रीगोंद्याला त्यांचं स्थान आहे, जाऊन या.

रोज करायचं कसं? वेळ किती लागतो?

पंधरा मिनिटं. एक ओवी, जास्तीत जास्त दोन. मोठ्याने म्हणायची, सरळ अर्थ बघायचा, मग वही काढून एकच प्रश्न लिहायचा, कालच्या दिवसात हे कुठे होतं. उत्तरात दुसऱ्याचं नाव आलं तर खोडून पुन्हा लिहायचं. काही सुचलं नाही तर रिकामी जागा सोडायची, माझ्या वहीत अशा खूप जागा आहेत. शेवटी दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं, मंत्रबिंत्र काही नाही, हळुवारपण चित्ताला येतंय का एवढंच बघायचं.

सुरुवात पहिल्या अध्यायाच्या त्या चार ओव्यांपासून करा. आमच्याकडे यायचं असेल तर सध्या चौथा अध्याय चालू आहे, साधूंच्या रक्षणासाठी मी युगायुगात येतो हा श्लोक. तिथं माउली देवाच्या तोंडी म्हणतात, "मी अविवेकाची काजळी । फेडूनि विवेकदीप उजळीं । तैं योगियां पाहे दिवाळी । निरंतर". दिव्याच्या काचेवरची काजळी. लाईट जायची तेव्हा कंदिलाची काच राखेने पुसायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं, आत हात घालून, काच फुटू न देता. गेले तीन रविवार आम्ही याच ओवीवर आहोत, काकांनी परवा घरातला जुना कंदील आणलाय, आणि पुढं जायची अजून कोणालाच घाई नाहीये.